पुस्तकांचें कपाट आणि त्याचें दार

ज्याच्या घरीं पुस्तकांचें एक भरलेलें कपाट आहे, त्यास आपण ग्रंथप्रेमी म्हणतों. कपाट कांचेचें असेल, पुस्तकें एकसारखीं बांधून घेतलेलीं असतील आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत नांवें घातलेलीं असतील, तर आलेला पाहुणा घटकाभर त्यापुढें उभा राहतो, यजमानाच्या रसिकतेची वाखाणणी करतो आणि चहा घेऊन निघून जातो. परंतु त्या कपाटाची किल्ली कोणापाशीं असते, दार महिन्यांतून किती वेळां उघडतें, आणि बाहेर गेलेलें पुस्तक कोणाच्या हातीं पडतें, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ग्रंथप्रेमाची खरी परीक्षा या तीन प्रश्नांतच आहे, असें आमचें मत आहे. हें मत ज्या उदाहरणांवरून बनलें, तीं आज वाचकांपुढें ठेवावीं असा आमचा विचार आहे.

आमचें वास्तव्य कर्जतचें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव पुस्तकांच्या दृष्टीनें मोठें नव्हे. मुंबई आणि पुणें या मराठी ग्रंथव्यवहाराच्या दोन राजधान्यांच्या मधील तें एक थांब्याचें ठिकाण आहे. इ. स. १८५६ सालीं लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ सालीं बोरघाट चढून तो पुण्याच्या मार्गास मिळाला. तेव्हांपासून घाट चढणाऱ्या गाड्यांनीं कर्जतला थांबावें, मागून जादा इंजिनें जोडून घ्यावीं आणि वर निघून जावें, असा क्रम सुरू झाला. या थांब्यामुळें कर्जतचा बटाटावडा साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला हें खरें; पण त्याच थांब्यांत मुंबईचें वर्तमानपत्र, पुण्याचें मासिक आणि टपालानें मागविलेलें पुस्तकही या गांवीं उतरत आलें आहे. लहान गांवांत ज्याला वाचनाचें वेड लागतें, त्याच्यापुढें पुस्तक आयतें येऊन उभें राहत नाहीं. तें कोठें आहे हें आधीं शोधावें लागतें, मग मागवावें लागतें, आणि वाचून झाल्यावर त्याविषयीं बोलावें कोणाशीं, हा प्रश्न उरतोच. शोध, संग्रह आणि चर्चा हीं वाचकाच्या आयुष्याचीं तीन अंगें. शहरांत तीं एकमेकांत मिसळून जातात. गांवांत मात्र निरनिराळीं दिसतात.

प्रथम शोधाचें पाहूं. वाचक पुस्तक शोधतो असें आपण म्हणतों, पण पुष्कळ वेळां पुस्तकच वाचकास शोधीत येतें. मात्र त्यासाठीं तें कोणाच्या तरी घरांतून बाहेर पडलेलें असावें लागतें. याचें उत्तम उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचें. इ. स. १८७६ सालीं गोव्यांतील साखवाळ या गांवीं त्यांचा जन्म झाला. घरीं नारळीच्या बागेचें काम, शाळा जेमतेम, लग्न लहान वयांतच झालेलें. अशा तरुणाचें आयुष्य बागेची देखरेख करण्यांतच संपावयाचें. परंतु १८९७ च्या सुमारास 'बालबोध' मासिक त्यांच्या हातीं पडलें आणि त्यांत छापलेलें बुद्धाचें चरित्र त्यांनीं वाचलें. 'बालबोध' हें विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं मुलांसाठीं काढलेलें मासिक. त्याची भाषा सोपी आणि त्यांत थोर पुरुषांचीं चरित्रें मोठ्या आवडीनें दिलेलीं असत. मुलांनीं वाचावें आणि त्यांस चांगलें वळण लागावें, याहून मोठी अपेक्षा त्या लेखापासून संपादकानेंही केली नसेल. पण मुलांसाठीं लिहिलेल्या त्या थोड्या पानांनीं एका प्रौढ होत चाललेल्या गृहस्थाचें सर्व आयुष्य पालटलें.

बुद्धाच्या धर्माचें ज्ञान मूळ ग्रंथांतून मिळवावयाचें, या एका ध्यासानें कोसंबींनीं १८९९ सालीं घर सोडलें. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि पुढें सिंहलद्वीप असा तो प्रवास झाला. काशीस अन्नछत्रांत जेवून त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें; सिंहलद्वीपांत ते पाली शिकले. पुढें कलकत्त्यास अध्यापनाची चांगली जागा त्यांस मिळाली होती; ती सोडून, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं देऊं केलेल्या दरमहा पन्नास रुपयांवर ते महाराष्ट्रांत आले, कारण जें आपण शिकलों तें मराठींत सांगावें ही त्यांची इच्छा होती. मागाहून 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस बोलाविलें. १९१२ पासून १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली. 'निवेदन' हें त्यांचें आत्मचरित्र आणि 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ मराठी वाचकांस परिचित आहे. 'भगवान बुद्ध' साहित्य अकादमीच्या योजनेंतून देशांतील इतर भाषांतही गेला. एका मासिकांतील एका लेखाचें हें फळ होय.

असाच प्रसंग मुंबईंतही घडला. पण तेथें पुस्तक निराळ्या वाटेनें गेलें. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईंतील शिक्षक आणि ग्रंथकार. चर्नी रोडच्या बागेंत ते वाचीत बसत, आणि तेथेंच एक शाळकरी मुलगा पुस्तकांत डोकें घालून बसलेला त्यांस वारंवार दिसे. त्यांनीं त्याची विचारपूस केली, त्यास पुस्तकें द्यावयास आरंभ केला, आणि तो परीक्षा उतरला तेव्हां भरलेल्या अभिनंदनाच्या सभेंत स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें मराठी चरित्र त्यास भेट दिलें. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. या भेटीची आठवण बाबासाहेबांनीं 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत स्वतः नमूद करून ठेविली आहे. उच्च शिक्षणासाठीं सयाजीराव महाराजांकडे त्यांच्याबद्दल शब्द टाकणारेही केळुसकरच. त्या सभेंतील भेटीपासून १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें घेतलेल्या धम्मदीक्षेपर्यंतची वाट फार लांबची आहे, आणि तिच्यावर इतर अनेक कारणें उभीं आहेत. तथापि त्या वाटेच्या आरंभीं एक दिलेलें पुस्तक आहे, ही गोष्ट कोणासही नाकारतां येणार नाहीं.

हीं दोन उदाहरणें आम्ही मुद्दाम शेजारीं शेजारीं ठेवलीं. एक वाचक गोव्यांतील ब्राह्मण कुटुंबांतला. दुसरा, ज्या समाजाला विद्येच्या उंबरठ्याबाहेर ठेविलें होतें त्या समाजांतला. एकाकडे पुस्तक मासिकाच्या रूपानें आलें, दुसऱ्याकडे एका शिक्षकाच्या हातून आलें. दोन्ही ठिकाणीं पाठविणाऱ्यास पुढील परिणामाची कल्पना नव्हती. केळुसकरांनीं आपल्या पुस्तकाची ती प्रत घरच्या कपाटांत ठेविली असती, तर ती आज कदाचित् चांगल्या स्थितींत मिळाली असती. पण तिचें काम झालें नसतें. कोणतें पुस्तक कोणाच्या हातीं जाऊन काय करील हें आपणांस आधीं कळत नाहीं, आणि म्हणूनच तें जाऊं द्यावें लागतें.

या इतिहासाचा धागा आमच्या तालुक्याशींही जोडलेला आहे. कर्जतहून कांहीं मैलांवर, कोंदिवडें गांवाच्या पुढें राजमाचीच्या पायथ्याशीं कोंढाणें येथें बौद्ध लेणीं आहेत. तीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचीं. लांकडी बांधणीची हुबेहूब नक्कल दगडांत केलेलें तेथील चैत्यगृह पाहण्यासारखें आहे. एका शिल्पाजवळ, कण्हाचा शिष्य बालक यानें तें केलें, अशा अर्थाचा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. अशीं लेणीं पांडवांनीं एका रात्रींत कोरलीं, असें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. बालक कोण आणि त्याचा गुरु कण्ह कोण, हा प्रश्न मनांत येण्यासाठीं आधीं कोणीतरी तें अक्षर वाचावें लागतें, तें छापावें लागतें, आणि तें छापलेलें या गांवापर्यंत पोचावें लागतें. लेणीं दाराशीं असून त्यांचा अर्थ दूरच्या पुस्तकांत असावा, ही लहान गांवच्या वाचकाची नेहमींची स्थिति होय.

धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती, आणि पुढें भारताच्या प्राचीन इतिहासाचे मोठे अभ्यासक झाले. ते राहत पुण्यांत आणि काम करीत मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत. १९६२ पर्यंत त्यांचा हा क्रम होता. १९३० सालीं सुरू झालेल्या 'डेक्कन क्वीन' गाडीनें ते जात-येत, म्हणजे कर्जतच्या फलाटावरूनच त्यांची गाडी जावयाची. गाडींतील तास त्यांचे वाचनाचे आणि चर्चेचे असत. पण डब्यांतलें वाचन डब्यांतच ठेवणाऱ्यांपैकीं ते नव्हते. कार्ल्याचीं लेणीं, घाटांतल्या जुन्या वाटा, धनगरांच्या फिरण्याच्या रेषा आणि गांवोगांवच्या देवी, हें सर्व त्यांनीं पायीं हिंडून पाहिलें आणि ग्रंथांतील मजकुराशीं ताडून घेतलें. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति त्यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केली, ती शेकडों हस्तलिखितें एकत्र मांडून. पुस्तक वाचावें, त्यावरून बाहेर पाहावें, आणि बाहेर पाहिलेल्यावरून पुन्हां पुस्तकास प्रश्न विचारावा, ही त्यांची रीत. घाट चढतांना खिडकीबाहेर पाहणाऱ्या कोणत्याही प्रवाशास ती थोडी तरी अंगीकारतां येईल.

आतां संग्रहाकडे वळूं. संग्रह करणाऱ्याच्या वाट्यास येणारें दुःख बाबासाहेब आंबेडकरांइतकें थोड्यांनींच भोगलें असेल. न्यूयॉर्क येथें शिकत असतांना पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ जमविले. १९१७ सालीं ते लंडनहून परतले तेव्हां त्यांचें सामान आणि पुस्तकें दुसऱ्या बोटीनें येत होतीं. महायुद्धाच्या धामधुमींत ती बोट पाणतीरानें बुडाली आणि पुस्तकें समुद्राच्या तळाशीं गेलीं. दुसरा कोणी असता तर पुन्हां संग्रहाच्या नादीं लागला नसता. बाबासाहेबांनीं पुन्हां आरंभ केला, आणि दादरच्या हिंदु कॉलनींत 'राजगृह' हें घर बांधलें तें बव्हंशीं पुस्तकांच्या सोयीसाठीं. पुढें पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत १९४६ सालीं सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेव्हां आपल्या संग्रहाचा मोठा भाग त्यांनीं त्या विद्यार्थ्यांसाठीं दिला. ज्याला एकेक पुस्तक जमवितांना एवढे कष्ट पडले, त्यानेंच तें विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें, यांत संग्रहाचा हेतु स्पष्ट झाला आहे.

संग्रहाचा दुसरा प्रकार, एका घरापुरता न राहतां साऱ्या भाषेसाठीं केलेला. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांचा व्यवसाय मिठागरांचा. त्या व्यवसायांतला हा गृहस्थ जुन्या मराठी कवींच्या पोथ्यांमागें लागला, 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास त्यानें लिहिला, आणि १८९३ सालीं ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय उभें करण्यांत पुढाकार घेतला. पांच वर्षांनीं, १८९८ सालीं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें. यांच्याही पुढें जाऊन शंकर गणेश दाते यांनीं एक निराळाच संग्रह केला. तो पुस्तकांचा नव्हे, पुस्तकांच्या नांवांचा. १८०० पासून १९३७ पर्यंत मराठींत छापलेल्या ग्रंथांची सूची त्यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केली, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ सालीं. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतून एकेक नोंद टिपून घ्यावयाची, हें काम वर्षानुवर्षें करणाऱ्याची चिकाटी केवढी असेल! कर्जतसारख्या गांवच्या वाचकास या सूचीचें महत्त्व विशेष वाटतें. जें पुस्तक आहे हेंच ठाऊक नाहीं, तें तो मागवील कसें? दात्यांनीं घरीं बसलेल्या वाचकास मागणी करावयास शिकविलें.

कपाट बंद राहिल्यानें काय होतें, याचें उदाहरण आमच्या रायगड जिल्ह्यांतच आहे. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं आंत राहून पाहिला. घरीं परतल्यावर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनीं ती हकीकत लिहून काढली. परंतु सरकारच्या रोषाचें भय असल्यानें ती अनेक वर्षें तशीच राहिली आणि 'माझा प्रवास' या नांवानें छापली गेली ती १९०७ सालीं. तेव्हां भटजी हयात नव्हते. त्या छापील पुस्तकांतही वैद्यांनीं फेरफार केलेले होते. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळांत सुरक्षित राहिलें, म्हणून १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांस तें जसेंच्या तसें प्रसिद्ध करतां आलें. या हकीकतींत तीन माणसांचे उपकार आहेत: लिहा म्हणून सांगणाराचे, लिहिणाराचे आणि जपून ठेवून योग्य ठिकाणीं पोचविणाराचे. तिघांपैकीं एक जरी उणा असता, तरी एका भिक्षुकाच्या डोळ्यांनीं पाहिलेली झांशी आपणांस कायमची अंतरली असती. कोंकणांतल्या किती घरांत असे किती कागद माळ्यावर संपले असतील, याचा विचार मनांत आला म्हणजे वाईट वाटतें.

आणि आमच्याकडील हवा कागदाची वैरीण आहे. घाटाखालीं चार महिने पाऊस कोसळतो. भिंतीस ओल येते, पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, कसर पानें कुरतडते आणि वाळवी मागून पोखरून पुढें पुस्तक उभेंच ठेवते. जुने लेखक पोथीच्या शेवटीं तिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा, अशी विनंती करीत. तींतील प्रत्येक शब्द अनुभवाचा आहे. कपाट भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावें, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच असावा, पुस्तकें फार दाटून बसवूं नयेत, वेखंडाच्या कांड्या किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला मधून मधून ठेवावा, हे उपाय घरोघरच्या वडील माणसांस ठाऊक आहेत. पाऊस सरल्यावर दसऱ्यास सरस्वतीपूजनाच्या निमित्तानें सर्व पुस्तकें बाहेर काढून सावलींत वारा द्यावा. पण या सर्वांपेक्षां मोठा उपाय एकच, पुस्तक वरचेवर हातांत घेणें. जें पुस्तक महिन्यांतून एकदां उघडलें जातें, त्यांत वाळवीस सवड मिळत नाहीं.

चर्चा हें तिसरें अंग. आपल्याकडे वाचन हें मूळचें एकट्याचें कृत्य नव्हेच. चातुर्मासांत पोथी लागावयाची, एकानें वाचावयाचें आणि बाकीच्यांनीं ऐकावयाचें, शंका विचारावयाच्या, ही चाल घरोघर होती. श्रवणानंतर मनन सांगितलें आहे तें याचसाठीं. छापखाना आल्यावर प्रत्येकाच्या हातांत पुस्तक आलें आणि हळूहळू प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यांत बसून वाचूं लागला. ही उणीव ओळखून न्यायमूर्ति रानडे आणि लोकहितवादी यांनीं १८७८ सालीं पुण्यांत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरविली; आजच्या साहित्यसंमेलनाचा उगम तोच. १८८५ सालीं दुसरी सभा भरावयाची होती, तेव्हां तिचें निमंत्रण जोतीराव फुले यांस गेलें, आणि त्यांनीं तें स्वीकारलें नाहीं. ज्या सभांतून आणि ज्या पुस्तकांतून शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखास जागा नाहीं, त्यांत आम्ही कसे मिसळावें, असा त्यांच्या पत्राचा रोख होता. तें पत्र आपल्यासारख्या घरांनीं अजूनही वाचण्यासारखें आहे. आपल्या दिवाणखान्यांतील चर्चा कितीही विद्वत्तेची असली, तरी तींत कोण बोलावयास येतो आणि कोण दाराबाहेरच राहतो, याचा हिशेब केल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

आणि हें दार घरांतल्या माणसांसही कितीदां बंद होतें! रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं झालें. पतीनें त्यांस तेव्हांपासूनच शिकवावयास आरंभ केला. पण घरांतील वडील बायकांस तें रुचलें नाहीं, आणि वाचणाऱ्या सुनेस टोमणे, अबोला आणि उपहास सोसावा लागला. त्यांनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत हें सर्व कोणाविषयीं कडवटपणा न ठेवतां लिहिलें आहे. आज कोणत्याही सुनेस वाचूं नको असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु घरीं चर्चा निघाली म्हणजे पुरुषांनीं बोलावें आणि स्त्रियांनीं चहाचें पाहावें, ही व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं न सांगतां चालू असते. ज्या घरांत पुस्तकावरील मत स्वयंपाकघरांतून बाहेर येऊं शकत नाहीं, तेथें कपाट उघडें असून नसल्यासारखेंच.

आमच्याकडे याविषयीं जे कांहीं लहानसे नेम चालतात ते सांगतों. कोणास उपयोगी पडले तर पाहावे. पुस्तक घरीं आलें कीं पहिल्या कोऱ्या पानावर नांवाऐवजीं तें कोठून आणि केव्हां मिळालें हें लिहावयाचें. देवघेवीची एक वही कपाटांतच असते; कोणीही पुस्तक न्यावें, आपल्या हातानें तारीख घालावी, आणि परत आणतांना वहींत दोन ओळी लिहाव्या: एक आवडलें काय, आणि दुसरी पटलें नाहीं काय. या दुसऱ्या ओळीमुळें आमची वही पुष्कळ पुस्तकांपेक्षां वाचनीय झाली आहे. महिन्यांतून एक संध्याकाळ एकत्र बसावयाचें. ज्यानें पुस्तक वाचलें नाहीं त्यानेंही यावें आणि प्रश्न विचारावा. मुलांस मोठ्यांच्या आधीं बोलूं द्यावयाचें, कारण मोठे बोलून गेल्यावर मुलें गप्प बसतात. कांहीं पुस्तकें परत येत नाहींत हें आम्हांस ठाऊक आहे. तीं गेलीं त्याबद्दल आम्ही फार शोक करीत नाहीं. वहींत त्यांच्यापुढें कोरी जागा असते आणि तीं कोठेंतरी वाचलीं जात असतील असें आम्ही समजतों.

आतां मुख्य प्रश्नाकडे येतों. ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो हाच. आज आपल्यासारख्या कित्येक घरांपुढें हा पेंच उभा आहे. आजोबांनीं जमविलेलीं, वडिलांनीं वाढविलेलीं पुस्तकें गांवच्या घरांत आहेत. मुलें पुण्या-मुंबईंत, कांहीं परदेशांत. त्यांच्या जागा लहान, आणि तीं वाचतात त्यांतलें पुष्कळ आतां मोबाइलच्या पडद्यावर. जुनें घर पाडून तेथें इमारत उठावयाची ठरली म्हणजे भांडींकुंडीं वांटून घेतलीं जातात, देव नेले जातात, आणि कपाटापाशीं येऊन सर्वजण थबकतात. तेव्हां रद्दीवाल्यास बोलावणें सोपें असतें. पन्नास वर्षांचा संग्रह तराजूवर चढतो आणि किलोच्या भावानें जातो. त्यांत एखादा दुर्मिळ अंक, समासांत आजीच्या हातच्या खुणा असलेली एखादी प्रत, एखादें वंशावळीचें टिपण गेलें, हें मागाहून कोणाच्या ध्यानांत येतें. यांत कोणाचा दुष्टपणा नसतो. पुस्तकें कोणाचीं होतीं हें सर्वांस ठाऊक असतें. तीं कोणासाठीं होतीं हें मात्र कोणी ठरवून ठेविलेलें नसतें.

हें ठरविण्याची रीत थोरांनीं घालून दिली आहे. १९१७ सालीं पुण्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हां डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपला मोलाचा ग्रंथसंग्रह हयातींतच तिला दिला. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून बडोदें संस्थानांत ग्रंथालयांचें जाळें विणलें. त्यांत लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून तीं खेडोखेडीं फिरविण्याचीही योजना होती. पेटी एका गांवीं वाचून झाली कीं दुसऱ्या गांवीं जावयाची. ज्या राजानें धर्मानंदांस पन्नास रुपये दिले आणि भीमरावांस शिष्यवृत्ति दिली, त्यालाच पुस्तकांच्या पेट्या हिंडवाव्या असें वाटलें, यांत आश्चर्य नाहीं. महाराष्ट्रांत १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गांवोगांवच्या वाचनालयांस सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. म्हणजे पुस्तक द्यावयाचें तर द्यावें कोठें, हाही प्रश्न आज पूर्वींइतका अवघड राहिलेला नाहीं.

म्हणून घरांतील वडील माणसांस आमची विनंती आहे. आपण चालते-फिरते आहां तोंवरच, एखाद्या पावसाळ्याच्या चार दुपारीं, मुलानातवंडांस शेजारीं बसवून कपाटाची यादी करावी. जीं पुस्तकें घरांतील कोणाला खरोखर हवीं आहेत तीं त्याच्या नांवानें काढून ठेवावीं. जुनीं मासिकें, हस्तलिखितें, पत्रें आणि वह्या मोडीच्या किंवा जीर्ण आहेत म्हणून टाकूं नयेत. तीं ठाण्या-पुण्यांतील संग्रहालयांस किंवा संशोधन संस्थांस आधीं दाखवावीं. मुलांचीं आणि शाळेस उपयोगी पुस्तकें जवळच्या शाळेंत द्यावीं. आमच्याकडे डोंगरांतील वाड्यांतून कातकरी आणि ठाकर मुलें शाळेस येतात, आणि त्यांतल्या कोणाच्या घरीं कपाट नाहीं. बाकीचीं वाचनालयास, पण त्यांस काय हवें तें आधीं विचारून. नको असलेलें ओझें दुसऱ्याच्या दारांत टाकणें हें दान नव्हे. आणि एक-दोन पुस्तकें मात्र कोणत्याही संस्थेस न देतां, समोर दिसणाऱ्या एखाद्या वाचणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातांत स्वतः द्यावीं. केळुसकरांनीं तेवढेंच केलें होतें.